वाचकांचे प्रश्न : नावाला जोडलेला ‘बे’

प्रश्न : आमच्या दर्यापूर तालुक्यातील गावात अलीकडे बरीच मंडळी रात्री जेवणे आटोपल्यावर मोबाइलवर तुर्कस्तानच्या इतिहासावरील मालिका पाहतात. त्यांत पुरुषाच्या नावाला ‘बे’ आणि बाईच्या नावाला ‘हातून’ जोडलेले असते. ही आडनावे समजायची काय? आमच्या गावातील बेग कुटुंबाचा या ‘बे’शी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : ही आडनावे नव्हेत, मानाचे शब्द आहेत. ‘बे’ म्हणजे मुळात टोळीचा किंवा मुलखाचा प्रमुख. पुढे शब्दाचा भाव उतरत जाऊन तो आपल्या ‘राव’सारखा किंवा ‘साहेबां’सारखा झाला. त्याचे जुने रूप ‘बेग’. तुर्कस्तानात त्यातील ‘ग’ झिजून ‘बे’ उरला, तर मध्य आशियातून हिंदुस्थानात आलेला ‘बेग’ जसाच्या तसा राहिला आणि येथे आडनाव होऊन बसला. तेव्हा शब्द एकच. मात्र तेवढ्यावरून एखाद्या कुटुंबाचा मूळ पुरुष तुर्क होता असे ठरत नाही, कारण किताब रक्ताबरोबरच चालत येतो असे नाही. आपल्याला ठाऊक असलेली ‘बेगम’ याच ‘बेग’ची, आणि आजच्या तुर्की बाईच्या नावाला लागणारे ‘हानम’ हे ‘खान’चे भावंड आहे.

खरी गंमत आडनावांची आहे. बहुतेक तुर्की मुसलमानांना 1934 पर्यंत आजच्या अर्थाचे आडनावच नव्हते. माणूस बापाच्या, गावाच्या, धंद्याच्या किंवा टोपणनावाच्या आधारे ओळखला जाई. त्या वर्षी जून महिन्यात कायदा झाला आणि प्रत्येक कुटुंबाने आडनाव घ्यावे असे ठरले. नोव्हेंबरात तेथील संसदेने राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल यांना ‘आतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले, आणि दोनच दिवसांनी दुसरा कायदा करून बे, एफेंदी, पाशा, आगा, हानम हे सगळे किताब रद्द केले. आडनावाच्या कायद्याने हुद्द्याची, जमातीची आणि परकीय वंशाची नावे आडनाव म्हणून घेण्यास मनाई केली होती. नव्या आडनावाला अर्मेनियन ‘-यान’ किंवा ग्रीक ‘-पुलोस’ लावायलाही नियमाने बंदी आली. या सुधारणेतली ही बाजू मला फारशी गोड वाटत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी ही वतने गेली आणि त्यांची नावे आडनावे होऊन राहिली. पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नावच पाहावे : मान नावाला चिकटलेला, हुद्दा आडनावात मुरलेला. ज्या शेतकऱ्याचे आडनाव जिनिंगच्या काटापट्टीवर इंगळे असे लिहिलेले असते, त्यालाच पारावर ‘या पाटील, बसा जी’ म्हणतात. आणि असे म्हणू नका असे सांगणारा कायदा आपल्याकडे कुणी केला नाही.

मग घाईघाईने तुर्कांनी कोणती आडनावे घेतली? काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड, यिल्माझ म्हणजे न डगमगणारा. तेव्हाचे पंतप्रधान इस्मत पाशा यांना 1921 साली इनोनू येथे झालेल्या लढायांवरून ‘इनोनू’ हे आडनाव मिळाले. ‘-ओलू’ म्हणजे अमक्याचा मुलगा. लिहिताना त्यात एक ‘ग’ असतो, पण तो उच्चारत नाहीत, म्हणूनच आपली वर्तमानपत्रे ज्यांना ‘एर्दोगन’ छापतात ते तिकडे ‘एर्दोआन’ असतात. सेनाप्रमुख फेवझी पाशा ‘चाकमाक’ झाले. आपल्या जुन्या माणसांच्या बटव्यात गारगोटी, कापसाचा बोळा आणि जी चकमक असे, तिचाच हा शब्द. ‘तोपची’ तर तिकडे सरळ आडनाव आहे, ‘तोपचू’. आणि कापूसवाल्या वऱ्हाडाला सांगायलाच हवे असे एक : 2006 सालचे साहित्याचे नोबेल मिळालेल्या ओरहान पामुक यांच्या आडनावाचा अर्थ कापूस. आपल्याकडे कापसे आहेतच.

प्रश्न : मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. तुर्कस्तानातील एका व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार करायचा आहे. किताब रद्द झाले असतील तर त्यांना काय म्हणावे?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : ‘बे’च म्हणावे. कायद्याने सरकारी कागदातून तो गेला, तोंडातून गेला नाही. आणि तो कायदा तर तेथील 1982 च्या राज्यघटनेने जपून ठेवला आहे. मात्र हा मान पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. समजा गृहस्थांचे नाव मेहमेत यिल्माझ असेल, तर बोलताना ‘मेहमेत बे’ म्हणावे. ‘यिल्माझ बे’ म्हणू नये, कारण ‘वसंतराव’ म्हणण्याऐवजी ‘नाईकराव’ म्हटल्यासारखे ते कानाला खटकते. औपचारिक पत्रात ‘सायिन’, म्हणजे माननीय, लिहून पुढे आडनाव किंवा पूर्ण नाव घालावे. बाई असतील तर त्यांच्या पहिल्या नावाला ‘हानम’ जोडावे.

ओळख वाढल्यावर ते स्वतःच ‘आबी’ म्हणा असे सुचवतील. ‘आबी’ म्हणजे मोठा भाऊ. ‘आगा’ आणि ‘बे’ या दोन रद्द झालेल्या किताबांच्या जोडणीतूनच तो शब्द झाला आहे. आपण ‘रामभाऊ’ म्हणतो तसे ते ‘मेहमेत आबी’ म्हणतात. ताईला ‘आब्ला’, अनोळखी वयस्क बाईला ‘तेयझे’, म्हणजे मावशी. इंग्रजीत एकाच ‘अंकल’मध्ये कोंबलेले काका आणि मामाही ‘आमजा’ व ‘दायी’ असे वेगळे ठेवलेले असल्याने आपल्याला ते लवकर जमेल. पहिल्या पत्रात मात्र ‘आबी’ नको, ‘सायिन’च बरे.