फाइलवर लिहिणं चालू असताना स्टॅट (फाइलची माहिती विचारणारा कॉल) केलं तर एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) नवीन पण साइझ जुनीच येते, हा लिनक्सचा बग आहे का?

बग नाही हो. तुमचा एक प्रोग्रॅम फाइलच्या शेवटी डेटा जोडत राहतोय आणि दुसरा मधूनमधून स्टॅट मारून साइझ आणि एमटाइम बघतोय, बरोबर ना? तर स्टॅट म्हणजे त्या क्षणाचा फाइलचा फोटो असं आपण धरून चालतो तिथेच गडबड आहे, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आयनोडमधली, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीतली, एकेक फील्ड उचलून तुम्हाला देतो आणि तेवढ्या वेळात लिहिणाऱ्याला कोणी थांबवत नाही.

ईएक्सटी४ या लिनक्सवरच्या फाइलसिस्टिमचंच बघा. राइट कॉल आला की आयनोडचं लॉक घेतात, मग आधी एमटाइम बदलतो, आणि त्यानंतर डेटा तुकड्यातुकड्याने पेज कॅशमध्ये (फाइलचा मेमरीत ठेवलेला डेटा) जातो, एकेक तुकडा गेला की साइझ तेवढी पुढे सरकते. स्टॅट ते लॉक घेतच नाही, म्हणून तुम्हाला दिसलं ते दिसणारच, राइट मोठा असेल तर साइझ अधलीमधली पण दिसेल. पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) स्टॅटला राइट अर्धवट दिसू नये असं लिहिलंय खरं, पण लिनक्स ते काटेकोर पाळत नाही आणि मला विचाराल तर बरंच आहे, नाहीतर कोणी १ जीबीचा राइट लावला की साधं एलएस (फाइलींची यादी) करणारासुद्धा ताटकळत बसला असता.

एकट्या साइझची मात्र काळजी घेतलीय. ६४ बिटवर ती एका दमात वाचली जाते, ३२ बिटवर दोन भागात वाचावी लागते म्हणून मल्टिकोर मशीनवर एक काउंटर ठेवलाय, वाचायच्या आधी आणि नंतर तो बघायचा, बदलला असेल तर परत वाचायचं. एमटाइमच्या सेकंद-नॅनोसेकंद जोडीला असलं काही नाही, त्यामुळे क्वचित एक जुना एक नवा असा भलताच टाइम येऊ शकतो. शिवाय बरीच वर्षं हा टाइम कर्नलच्या टिकवरून (ठरावीक अंतराने पडणारा घड्याळाचा ठोका) घेतला जायचा, म्हणजे सेकंदाला २५० टिक असतील तर ४ मिलिसेकंदात झालेल्या दोन बदलांना एकच एमटाइम (कर्नल ६.१३ पासून हे बरंच सुधारलंय).

करायचं काय? पूर्ण फाइल नव्याने लिहिली जात असेल तर त्याच फाइलसिस्टिमवर टेंपररी फाइल लिहा, एफसिंक करा (डेटा डिस्कवर पोचवा), मग रिनेम करून तिला मूळ फाइलचं नाव द्या, वाचणाऱ्याला एकतर जुनी आख्खी मिळेल नाहीतर नवी आख्खी. आणि वाचणाऱ्याने नावावर स्टॅट करण्यापेक्षा आधी ओपन करून त्याच डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलचा नंबर) एफस्टॅट, म्हणजे त्या नंबरवरून स्टॅट, करावं. पण तुमच्यासारखी वाढत जाणारी फाइल असेल तर रिनेमचा उपयोग नाही, तिथे साइझवर विसंबूच नका, रीड शून्य देईपर्यंत वाचा आणि शेवटच्या ओळीला न्यूलाइन नसेल तर ती पुढच्या फेरीला ठेवा.

विंडोजवर नेणार असाल तर अजून एक, एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमवर फोल्डरच्या लिस्टिंगमधली साइझ लिहिणाऱ्याने हँडल (विंडोजमधला डिस्क्रिप्टरच) बंद करेपर्यंत जुनीच राहू शकते, खरी हवी तर फाइल उघडून हँडलवरूनच विचारा.