अमेरिकेत टीव्हीवरच्या शालेय क्विझमधून मुलाच्या कॉलेजची फी निघते का?

तुम्ही विचारलंय की मुलगा यंदा नववीत गेला, घर व्हर्जिनियात, फेअरफॅक्सला आहे, आणि 'इट्स अकॅडमिक' ही टीव्हीवरची शाळांची क्विझ जिंकली की कॉलेजच्या फीची सोय होते असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. तर त्याला आतापासून तयारीला लावावं का?

आधी पैशांचं बोलतो, कारण गैरसमज तिथेच आहे. या कार्यक्रमाचे प्रायोजक जे पैसे देतात ते शाळेला मिळतात, जिंकणाऱ्या मुलाच्या हाती पडत नाहीत. त्यामुळे फीच्या हिशेबात ही रक्कम धरूच नका. मुलगा एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळतो तो) असेल तर केंद्र सरकारची विद्यार्थी मदतही मिळत नाही, म्हणून आपली माणसं असे मार्ग शोधत राहतात. ती काळजी मी जवळून पाहिली आहे. पण हा मार्ग तो नव्हे.

स्पर्धकाला स्वतःला मोठी रक्कम मिळायची ती 'जेपर्डी' या देशभर दिसणाऱ्या टीव्ही क्विझच्या टीन टूर्नामेंटमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या स्पर्धेत. 2019 साली पोर्टलंडच्या अवी गुप्ताने ती जिंकली, 1 लाख डॉलर मिळाले, आणि त्यातले दहा हजारांहून जास्त त्याने स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या कामासाठी देऊन टाकले. पण तिथे अख्ख्या देशातून पंधरा मुलं निवडली जायची. त्याच्या भरवशावर कुणी फी भरायची नसते.

आता दुसरी बाजू. तरीही मुलाला पाठवा, असंच मी म्हणेन. माझी मुलगी मेरिलँडमधल्या एका सरकारी शाळेच्या क्विझ संघात होती आणि तिच्या हायस्कूलच्या वर्षांतली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली, तर मी हीच सांगेन.

'इट्स अकॅडमिक' वॉशिंग्टनच्या स्थानिक वाहिनीवर 1961 मध्ये सुरू झालं. सोफी ऑल्टमन या बाईंनी ते उभं केलं. मॅक मॅकगॅरी यांनी जवळजवळ पन्नास वर्षं सूत्रसंचालन केलं, 2011 पासून हिलरी हॉवर्ड करतात. सर्वांत जास्त काळ चाललेली टीव्ही क्विझ म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे. एकेका भागात तीन शाळा, प्रत्येकीची तीन मुलं. बरोबर उत्तराला 20 गुण, आणि बझर दाबून चुकलात तर 20 वजा. शूटिंगला शाळेचं बँडपथक येतं, चीअरलीडर येतात. फुटबॉलच्या संघाला मिळतो तो मान अभ्यासू पोरांना मिळताना बघणं, हे मला या देशात फार आवडलेलं दृश्य आहे. मुलगी कॅमेऱ्यासमोर बसली होती तेव्हा मागे तिच्या वर्गातली पोरं चेहरे रंगवून ओरडत होती, आणि ही शांतपणे ओठ आवळून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती.

तयारीबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. टीव्हीवरचे प्रश्न छोटे आणि वेगाचे असतात: रामानुजनच्या आजारपणात इंग्रज गणिती हार्डी कुठल्या नंबरच्या टॅक्सीने त्याला भेटायला गेला? 1729, संपलं. शनिवारी शाळांमधून भरणाऱ्या क्विझ बोलच्या स्पर्धांत त्याच रामानुजनवर पाच-सहा ओळींचा परिच्छेद येतो, अवघड खुणा आधी आणि सोप्या शेवटी. पहिल्या ओळीत मॉक थीटा फलनं, मग हार्डीबरोबर केलेलं पूर्णांकांच्या विभाजनांवरचं काम, मग कुंभकोणम, आणि टॅक्सी अगदी शेवटी. ज्याने खरंच वाचलंय तो पहिल्या-दुसऱ्या ओळीलाच बझर दाबतो. मुलगा घडतो तो या शनिवारच्या स्पर्धांत. टीव्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळचा.

आपल्याकडच्या पालकांची सवय म्हणजे जनरल नॉलेजचं जाडजूड पुस्तक आणून पाठ करून घ्यायचं. ते करू नका. संघात विषय वाटून घेतलेले असतात. मुलीकडे रसायनशास्त्र आणि ग्रीक-रोमन पुराणं होती, एका मुलाकडे फक्त चित्रकला आणि ऑपेरा, आणि तो तेवढ्यात इतका पक्का होता की बाकीचे तो विषय निघाला की बझरवरचा हात काढून घ्यायचे. तुमच्या मुलाला ज्याची मुळातच आवड आहे असे दोन विषय त्याला खोलवर वाचू द्या. नकाशे असोत, क्रिकेट सोडून कुठलाही खेळ असो, नाहीतर जुनी युद्धं.

कॉलेजच्या अर्जात याचा थोडा उपयोग होतो, पण तेवढ्यासाठी केलेलं पोरांना लगेच कंटाळवाणं होतं. फीसाठी शाळेच्या समुपदेशकाला आत्ताच भेटा, आणि व्हिसाची अट नसलेल्या खाजगी शिष्यवृत्त्या कुठल्या, हे स्पष्ट विचारा. व्हर्जिनियातच राहणार असाल तर इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी, कशी लागू होते तेही विचारून घ्या. त्यात बरीच मोठी रक्कम वाचू शकते.

आणि शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच क्विझ क्लबच्या शिक्षकांना ईमेल टाकायला मुलाला सांगा. तुम्ही नका टाकू, त्यालाच टाकू द्या. तुमच्या भागातल्या काही शाळांत संघ फार तगडे आहेत, तिथे नववीच्या मुलाला मुख्य संघात जागा मिळणार नाही. बी किंवा सी संघात एक वर्ष बसला तरी चालेल, पोरं तिथेच तयार होतात. काही अडलं तर इथेच विचारा, मी बघत असतो.