घरामागची गॅस विहीर आणि गावाचा ठराव

जमिनीखालचं : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे नाशिककर गृहस्थ तेल-वायू क्षेत्रातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक आहेत.)

प्रश्न : मुलगी आणि जावई अमेरिकेत, टेक्सासमधल्या डेंटन गावात घर घेताहेत. व्हिडिओ कॉलवर घर फिरून दाखवलं. मागच्या कुंपणापलीकडे दोन टाक्या आणि लोखंडी नळांचा गुंता दिसला. विचारलं तर म्हणे गॅसची विहीर आहे. जावई म्हणाले, "आई, काळजी करू नका, इथल्या लोकांनी मतदान करून हे सगळं बंद पाडलंय." नगरपालिका तेल कंपनीला असं थांबवू शकते? आपल्याकडे थांबवता येईल? आणि मुख्य म्हणजे, घर घ्यावं की नाही?
– एक आई, गंगापूर रोड

उत्तर : ताई, जावईबापूंची माहिती खरी आहे, पण शिळी. ४ नोव्हेंबर २०१४ ला डेंटनमध्ये मतदान झालं आणि सुमारे ५९ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. तेलावर पोसलेल्या टेक्साससारख्या राज्यात असं करणारं ते पहिलंच शहर. दुसऱ्याच दिवशी तेल-वायू उद्योगाची संघटना आणि राज्याचं जमीन खातं कोर्टात पोहोचले. पुढच्या मे महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने शहरांचा असा अधिकार काढून घेणारा 'हाउस बिल ४०' हा कायदा केला, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी १८ मे २०१५ ला त्यावर सही केली आणि जूनमध्ये नगर परिषदेने निमूटपणे आपला ठराव मागे घेतला. म्हणजे बंदीचं आयुष्य जेमतेम सहा-सात महिने!

शिवाय ती बंदी विहिरींवर नव्हतीच, होती फ्रॅकिंगवर. डेंटनखाली बार्नेट शेल नावाचा खडक आहे, दोन किलोमीटरहून खोल. त्यात गॅस आहे, पण खडक इतका घट्ट की नुसतं भोक पाडून गॅस वर येत नाही. म्हणून प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत ढकलून खडकाला भेगा पाडतात. हेच फ्रॅकिंग. आडव्या खोदलेल्या एका विहिरीला साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे हजार-दोन हजार टँकर समजा. लोक चिडले होते त्यात या वर्दळीचाही वाटा होता.

मी नोकरी केली ती गुजरातेत, मेहसाण्याच्या बाजूला. तिथे एरंडाच्या आणि मोहरीच्या शेतात तेल विहिरी आहेत, पंपांची डोकी दिवसभर वरखाली होत असतात, आणि शेतकऱ्याला त्याचं काही वाटेनासं होतं. त्रास असतो तो त्याआधीचा, खोदाईचा. रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, रात्री थांबत नाही. डिझेल इंजिनांच्या घरघरीची कानाला सवय होते, पण पहाटे तीनला पाइप बदलताना लोखंडावर लोखंड आदळतं त्याची होत नाही. आमच्या मुक्कामाच्या तंबूत नवा आलेला मुलगा पहिल्या रात्री दचकून उठायचाच. शिवाय फ्लडलाइट. आता हे सगळं कुणाच्या बेडरूमच्या खिडकीसमोर महिना-दीड महिना चालू आहे असं डोळ्यांसमोर आणा. डेंटनच्या हद्दीत अशा पावणेतीनशेच्या आसपास विहिरी होत्या.

आता, शहर का हरलं? याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. आपण घर घेतो तेव्हा सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड बघतो, आणि जमीन आपली झाली असं समजतो. टेक्सासात जमिनीचे दोन मालक असू शकतात : वरचा आणि खालचा. खालची खनिजं वेगळी विकता येतात, आणि खालच्या मालकाला आपलं खनिज काढण्यापुरता वरचा भाग वापरण्याचा हक्क असतो. तिथल्या कायद्यात खालचा हक्क वरचढ आहे. बिल्डर प्लॉट विकताना खालचं स्वतःकडे ठेवून देतात. त्यामुळे शहराने 'खोदू नका' म्हटलं की कोणाची तरी कोट्यवधींची मालमत्ता अडवल्यासारखं होतं, आणि ते लोक गप्प बसत नाहीत.

'हाउस बिल ४०' ने शहरांच्या हातात ठेवलं ते जमिनीवरचं तेवढं. आगीची आणि आपत्कालीन व्यवस्था, वाहतूक, दिवे, आवाज, घरांपासून वाजवी अंतर. तेही कंपनीला धंदा करणं अशक्य होणार नाही इतपतच. खालचं सगळं राज्याकडे, म्हणजे टेक्सासच्या रेलरोड कमिशनकडे. (नावावर जाऊ नका. १८९१ साली रेल्वेसाठी स्थापन झालेल्या या खात्याकडे आता रेल्वे नाही, तेल-वायू आहे.) गंमत अशी की आवाज आणि रहदारीची तक्रार तिकडे नेली तर हे आमच्या अखत्यारीत नाही म्हणतात. नाशिककरांना हा अनुभव नवा नाही. सातपूर-अंबडची एमआयडीसी महापालिकेच्या हद्दीत आहे, पण तिथल्या बांधकामाची परवानगी एमआयडीसी देते. धूर कुठला, गटार कोणाचं, हे विचारत दोन ऑफिसांमध्ये हेलपाटे मारलेला माणूस डेंटनच्या नागरिकाचं दुःख चटकन समजेल.

सगळी अमेरिका अशी नाही, हेही सांगतो. न्यूयॉर्क राज्यात ड्रायडेन आणि मिडलफील्ड या लहान गावांनी आपल्या झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालेल ते ठरवणाऱ्या, नियमांत ड्रिलिंगला जागाच ठेवली नाही, आणि ३० जून २०१४ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. कोलोरॅडोत लॉन्गमाँट शहराने २०१२ मध्ये मतदानाने बंदी घातली, ती २०१६ मध्ये कोर्टाने उडवली, आणि मग २०१९ मध्ये राज्यानेच कायदा बदलून गावांना जास्त अधिकार दिले. गाव तेच, लोक तेच. राज्याने दोर किती सैल सोडला यावर सगळं ठरतं.

आता तुमच्या घराचं. माझी काळजी फ्रॅकिंगपेक्षा अंतराची आहे. डेंटनने २०१३ मध्ये नियम केला होता की नवी विहीर घरापासून १,२०० फूट लांब हवी. मात्र जुन्या परवानगीच्या विहिरींना तो लागू पडत नाही असा कंपन्यांचा दावा होता. आणि विहीर आधी असेल, घर नंतर बांधायचं असेल, तर लागणारं अंतर त्याहून कितीतरी कमी. ही खरी चोरवाट. विहिरीला घराजवळ यायला बंदी, पण घराने विहिरीजवळ जायला फारशी आडकाठी नाही! बिल्डरला प्लॉट पाडायचे असतात.

कोलोरॅडोतल्या फायरस्टोन गावात एप्रिल २०१७ मध्ये काय झालं ते जावयांना जरूर वाचायला सांगा. १९९३ ची विहीर, नंतर बांधलेलं घर, मधलं अंतर दोनशे फुटांच्या आत. विहिरीची एक जुनी बारीक नळी वापरातून काढली होती, पण विहिरीपासून तोडलेली नव्हती. ती घराच्या पायाजवळ कापली गेलेली. गॅस मातीतून झिरपत तळघरात साठला, स्फोट झाला आणि दोघे गेले. मातीतून येताना गॅसचा वास येत नाही, कारण घरगुती गॅसला असतो तो वास नंतर मुद्दाम मिसळलेला असतो.

म्हणून घर नको असं मी म्हणत नाही, सही करण्याआधी दोन-चार गोष्टी पाहायला सांगतो. रेलरोड कमिशनचा विहिरींचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. त्यात ती विहीर चालू आहे, बंद करून सिमेंटने बुजवलेली आहे की नुसती पडून आहे, हे दिसतं. पडून असलेली सगळ्यात वाईट, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. नळ्या कुठून गेल्यात हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. खरेदीखतात खालची खनिजं कोणाकडे राहिली आणि त्या मालकाने वरची जमीन वापरण्याचा हक्क सोडून दिलाय का, हे वकिलाकडून तपासा. सोडला असेल तर मागच्या अंगणात नवी रिग उभी राहणार नाही. आणि अंतर टेपने मोजा, ब्रोकरच्या तोंडच्या फुटांवर विसंबू नका. दोनशे-अडीचशे फुटांच्या आत असेल तर मी माझ्या मुलीला दुसरं घर बघ म्हणेन. तिला स्वयंपाकघर कितीही आवडलेलं असो.

आपल्याकडे काय, हे तुम्ही विचारलंय. आपल्याकडे तेलक्षेत्रं आणि खनिज तेल हा घटनेच्या केंद्रसूचीतला विषय. जमिनीवरच्या क्षेत्राचा पट्टा राज्य सरकार देतं, तोही केंद्राच्या संमतीने. नगरपालिका या रांगेत कुठेच नाही. २०२० च्या जानेवारीत तर शोधविहिरींना पर्यावरण मंजुरीच्या अशा वर्गात टाकलं की जनसुनावणीही लागत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजानच्या विहिरीतून गॅस बेकाबू उसळला, जूनमध्ये विहीर पेटली, आणि विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या गावांतले हजारो लोक छावण्यांत राहिले. लोकांनी रेटा दिला की काय होतं हे तमिळनाडूत दिसलं. २०१७ मध्ये नेडुवासलच्या गावकऱ्यांनी आंदोलन पेटवलं, आणि २०२० मध्ये राज्याने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेतीक्षेत्र ठरवून तिथे नव्या तेल-वायू विहिरींना मनाई केली. तिथेही कायदा केला तो विधानसभेने.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याला महिनाभर रॉकेलसारखा वास येतोय. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, खाली तेल लागलं असेल, बाहेर बोलू नका. असं होऊ शकतं का? आणि तेल निघालं तर ते सोसायटीचं का?
– सचिव, सिडको

उत्तर : ज्येष्ठांना सांगा, मीटिंगच्या चहावर समाधान माना. नाशिकच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, काळा बेसॉल्ट. तेल गाळाच्या खडकात तयार होतं. लाव्ह्याखाली तसा जुना खडक असलाच तरी तो बोअरच्या दोन-तीनशे फुटांच्या पोहोचेबाहेर फार खोल. आणि चमत्कार झालाच तर वरचं उत्तर वाचा : तेल सरकारचं, सोसायटीच्या वाट्याला पंचनामा.

वास मात्र हसण्यावारी नेऊ नका. माझा संशय दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे तुमचाच सबमर्सिबल पंप. काही पंपांच्या मोटारीत तेल असतं आणि सील गेलं की ते पाण्यात उतरतं. पंप वर काढून बघा, मोटारीला तेलाचा ओशट थर दिसेल. दुसरं, जवळपासचा पेट्रोल पंप किंवा गॅरेज. जमिनीतल्या टाकीला बारीक गळती असेल तर पेट्रोल-डिझेल बेसॉल्टच्या भेगांतून भलतीकडे जाऊन निघतं. म्हणून शंभर मीटरवरचा पंप निर्दोष आणि चारशे मीटरवरचा दोषी, असंही होऊ शकतं. तोवर हे पाणी पिण्याला, भांड्यांना, आंघोळीला बंद. पंपाच्या खोलीत विडी-काडी नको. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून तपासायला द्या. तपासणीच्या अर्जात नुसतं 'पिण्यायोग्य आहे का' असं लिहू नका, तेल आणि पेट्रोलजन्य पदार्थ शोधा असं स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जिवाणू पाहतात, पेट्रोल पाहत नाहीत. गळती निघाली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : जुना बोअर आटलाय. बोअरवाला म्हणतो पाचशे फूट जाऊ, परवानगी वगैरे काही लागत नाही.
– एक रहिवासी, पंचवटी

उत्तर : बोअरवाल्याला फुटावर पैसे मिळतात, तेव्हा तो पाचशे म्हणणारच. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या सडक्या, भेगाळ थरात असतं. खाली दगड घट्ट होत जातो, आणि पाचशे फुटांवर बऱ्याचदा पाणी लागत नाही, धूळ वर येते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला जून २०१४ पासून. साठ मीटरच्या, म्हणजे जवळपास दोनशे फुटांच्या पलीकडची विहीर ही त्याच्या हिशेबी खोल विहीर. या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या, म्हणजे अधिसूचित, क्षेत्रात तिला मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत खोदायचं तर परवानगी हवी. रिगवाल्याचीही नोंदणी लागते, ती आधी दाखवायला सांगा. तो विषय बदलेल, तेव्हा तुम्ही दुसरा बोअरवाला शोधा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे खोदाईच्या निदान पंधरा दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचं असतं. आणि आटलेला जुना बोअर पोतं टाकून सोडू नका. तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, खडी भरून तो बुजवायचा, असं त्याच निर्देशांत आहे. नव्याची रिग दारात उभी असताना निघालेल्या चुऱ्यानेच जुना भरून घ्या, वेगळा खर्च येत नाही.