दादरचा पूल दादरला मोकळा होत नाही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

टोरांटोच्या नव्या मेट्रोचा बोगदा डाउनटाउनमध्ये कुठल्या रस्त्याखालून न्यावा, या तुझ्या प्रोजेक्टचा लांबलचक मेल आणि त्यातला रंगीत तक्ता, दोन्ही बघितलं. किंग स्ट्रीटला ७१ गुण, क्वीनला ७०, वेलिंग्टनला ६८. खाली तुझा प्रश्न: "काका, मग क्वीन की किंग? मला काहीच सुचेनासं झालंय." वेळ रात्री दीडची. काकू म्हणाली, आधी पोरीला जेवायला बोलवा. जेवायला ये, पण त्याआधी हे वाच. जेवताना काकू मला बोलू देत नाही.

तक्ता मिटवून ठेव. गुण असे एकेकाच्या फरकाने आले की समजावं, तक्ता काही सांगतच नाहीये. आपण जी वजनं घातली तीच तो आपल्याला परत वाचून दाखवतोय. 'झाडं आणि वारसा' या रकान्याचं वजन थोडं वाढव, क्वीन वर येईल. मी हा खेळ पुष्कळ वर्षं पगार घेऊन खेळलोय.

मुळात क्वीन आणि किंग यांच्यात अंतर किती? पाच मिनिटं चालण्याचं. ऑफिसवाला माणूस फेब्रुवारीत कुरकुरेल, पण चालेल. तुझा सगळा मेल माणसं कुठे उतरतात यावर आहे. चढतात कुठे, यावर एक ओळ नाही. प्रोजेक्टचं नाव रिलीफ लाईन आहे ना? मग रिलीफ कुणाला द्यायचाय?

पूर्व-पश्चिम ब्लूर-डॅनफोर्थ लाईनवरून उत्तर-दक्षिण यंग लाईनवर माणसं गाडी बदलतात त्या ब्लूर-यंग स्टेशनला सकाळी सव्वाआठला खालच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहा. डॅनफोर्थकडून गाडी येते, दारं उघडतात आणि डब्यांतली माणसं जिन्यांकडे वळतात. वर यंग लाईनचा दक्षिणेकडचा प्लॅटफॉर्म. तिथे येणारी गाडी उत्तर टोकाच्या फिंचपासून भरत आलेली. आतले लोक पोट आत घेतात, दोघं-तिघं शिरतात, दार बॅगेवर आपटून पुन्हा उघडतं, मग बंद होतं. तोवर जिन्यावरच्यांना खालून पुढच्या गाडीची माणसं ढकलायला लागलेली. हा जिना रुंद करा, नवा प्लॅटफॉर्म बांधा, जरूर करा. त्याने धक्काबुक्की कमी होईल, माणसं कमी होणार नाहीत.

मी हे शिकलो ते टोरांटोत नाही. दादरच्या पुलावर शिकलो. घाटकोपरला राहणारा आणि अंधेरीला नोकरी करणारा माणूस पूर्वी लोकलने दादरपर्यंत खाली यायचा, पूल ओलांडायचा आणि वेस्टर्नची गाडी धरून परत तेवढंच वर जायचा. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली, साडेअकरा किलोमीटरसुद्धा नाही, आणि त्या माणसाला दादर बघायचंच कारण उरलं नाही. दादरचा पूल दादरला मोकळा होत नाही, तो घाटकोपरला होतो. गर्दी चढते तिथे धर. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीवर लाव. तुझ्या वयाच्या मुलांना भिंतीवर लावलेलं आवडत नाही, तरी लाव.

या शहराने ही चूक एकदा नाही, पुन्हा पुन्हा केली आहे. क्वीन स्टेशनच्या पोटात एक रिकामं स्टेशन आहे, ठाऊक आहे? १९५४ ला यंग लाईन सुरू झाली तेव्हा खाली पूर्व-पश्चिम ट्रामसाठी खोका बांधून ठेवला होता. पण गर्दी ब्लूरला चढत होती. १९६६ ला ब्लूर-डॅनफोर्थ लाईन झाली, खोका तसाच राहिला. उलट डॉन नदीवरचा व्हायाडक्ट बघ. १९१८ ला पूल पुरा झाला तेव्हाच गाडीसाठी खालचा मजला ठेवलेला, आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी गाडी त्यावरून धावली. दोन्ही ठिकाणी दूरदृष्टीच होती. एका ठिकाणी माणसं होती, दुसऱ्या ठिकाणी नकाशा होता.

पुढे १९८५ च्या 'नेटवर्क २०११' आराखड्यात डाउनटाउन रिलीफ लाईन आली. उपनगरांतल्या पुढाऱ्यांना वाटलं, डाउनटाउन आणखी फुगेल. लाईन बारगळली. २००२ मध्ये उपनगरात शेपर्ड लाईन मिळाली, पाच स्टेशनांची.

पेप रस्त्यावरच्या त्या आजींबद्दल तू लिहिलंस, त्यांच्या तळघराखालून बोगदा जाणार म्हणून तुला झोप लागली नाही. झोप न लागणं चांगलं आहे, पण त्यातला फरक ओळख. २०१६ मध्ये पेपखालून ठरलेला मार्ग लोकांनी भांडून २०१७ मध्ये एक रस्ता पलीकडे, कार्लॉखाली सरकवला. लाईनचं काही बिघडलं नाही. असं कुणी मागितलं तर दे, हसत दे. आडवी सरक, पण आखूड होऊ नकोस.

मी आखूड झालो. ज्या फर्ममध्ये होतो तिथल्या एका बैठकीत साहेबांनी विचारलं, उत्तरेकडचा भाग दुसऱ्या टप्प्यात टाकला तर चालेल ना? पेप स्टेशनला डॅनफोर्थ लाईनची माणसं उचलली तर ब्लूर-यंगचा जिना हलका होईल, पण यंगची गाडी भरून येतेच आहे. तिच्यासाठी उत्तरेला एग्लिंटन रस्त्यापर्यंत, जमलं तर त्याच्याही वर जायला हवं. हे पान माझ्या फाइलमध्ये होतं. मी फाइल उघडली नाही. "चालेल," म्हणालो. पैसे तेवढेच होते गं. अजिबात नसण्यापेक्षा आखूड बरी, हेही खोटं नव्हतं. शिवाय बैठकीत नाही म्हणणाऱ्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही, आणि घरी दोन मुलांच्या फीया होत्या... बघ, अजून वकिली चालूच आहे.

तो आखूड तुकडा म्हणजे पेप ते डाउनटाउनमधलं ऑसगुड, सुमारे साडेसात किलोमीटर, आठ स्टेशनं. त्याच्या मंजुऱ्यासुद्धा झाल्या. मग २०१९ मध्ये प्रांतिक सरकारने तो गुंडाळून ऑन्टारिओ लाईन जाहीर केली: एक्झिबिशनपासून थेट डॉन मिल्स-एग्लिंटनपर्यंत, १५.६ किलोमीटर. या सरकारला मी कधी मत दिलं नाही. रिव्हरसाइडला गाडी उघड्यावरून नेतात म्हणून मी चिडलो, २०२३ मध्ये स्टेशनसाठी ऑसगुड हॉलची झाडं तोडली तेव्हा जास्त चिडलो. पण नकाशावर थॉर्नक्लिफ पार्क आणि फ्लेमिंग्डन पार्क या टॉवरांच्या वस्त्यांची नावं दिसली आणि गप्प बसलो. त्या टॉवरांतली माणसं इतकी वर्षं बसमध्ये उभ्याने पेपला येतात. माझ्या टप्पा दोनमधली माणसं ती. मी ज्यांना नावं ठेवतो त्यांनी त्यांना टप्पा एकमध्ये घेतलं. हे काकूलाही सांगितलेलं नाही.

तर तुझ्या प्रोजेक्टमध्ये क्वीन घे, किंग घे, नाणं उडव. तुझे सर विचारतील, तेव्हा वरचं टोक कुठे आहे ते दाखव आणि तिथून हलू नकोस.

मंगळवारी सकाळी सात वाजता पेप स्टेशनला ये, २५ नंबरची बस रिकामी होते तिथे. लॅपटॉप नको. माझा जुना मोजणी काउंटर आणतो. त्याचा शेकड्याचा आकडा अडकतो, नव्याण्णव झाले की अंगठ्याने जोरात दाबावं लागतं.

तुझा,
काका