वाचकांचे प्रश्न : पोथी ऐकणाऱ्याची परीक्षा नसते

मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. दीड वर्षापूर्वी दोन्ही मुलांना शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला लागलो. मोठी अकरा वर्षांची आहे, धाकटा साडेसहाचा. रोज रात्री जेवणं झाली की मी सगळ्यांना बसवून एक मराठी पुस्तक मोठ्याने वाचते. मोठी म्हणते, "मला वाचता येतं, मग तू कशाला वाचून दाखवतेस?" धाकटा पाच मिनिटं बसत नाही, सोफ्याच्या पाठीवर चढतो. ह्यांची शिफ्ट ड्युटी, त्यामुळे तिसऱ्या पानाला डोळे मिटतात. प्रत्येक प्रकरण संपलं की मी दहा प्रश्न काढून उत्तरं वहीत लिहून घेते, नाहीतर काय कळलं ते समजणार कसं? परवा त्या वहीवरूनच रडारड झाली. सासूबाई म्हणाल्या, "ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शाळा सक्तीची केली, तिथे तुम्ही पोरांना शाळेतून काढता आणि गोष्टी वाचण्याला शिक्षण म्हणता?" मुलं बाहेर गुजराती बोलतात, अभ्यास इंग्रजीतून करतात. मराठी काय ती घरात. हे वाचन बंद करावं का?

— एक आई, मांजलपूर

वाचन बंद करू नका. वही मात्र आजच कपाटात ठेवून द्या.

दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्यात चातुर्मासात रोज दुपारी पोथी व्हायची. शेजारच्या काकू वाचायच्या, दोन-चार ओव्या झाल्या की थांबून अर्थ सांगायच्या. आजी वाती वळत ऐकायची. कुणी तांदूळ निवडत असे, आम्ही मुली खांबाशी सागरगोटे खेळत असू. शेवटी आरती आणि हातावर साखरफुटाणे. त्या सगळ्या वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की, "सांग बघू, राजाने मग काय केलं?" पोथी ऐकणाऱ्याची परीक्षा घ्यायची, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आणि मला त्या कथा आज सदुसष्टाव्या वर्षी काकूंच्या आवाजासकट आठवतात. मराठी घराला एकत्र ऐकणं शिकवावं लागत नाही, ते आपल्याकडे होतंच. आपण त्याला शाळेची वही जोडली आणि ते अवघड करून ठेवलं.

हे मी अनुभवातून सांगते आहे. माझ्या मुलीची दोन्ही मुलं घरीच शिकतात आणि त्यांचं संध्याकाळचं वाचन माझ्याकडे असतं. सुरुवातीचे चार महिने मीही प्रत्येक प्रकरणानंतर विचारायची: ह्याचा अर्थ काय, तो असं का वागला, नवे शब्द कोणते. नातू तेव्हा सात वर्षांचा. एक दिवस पुस्तक सापडेना. घरभर शोधलं, तेव्हा ते गव्हाच्या कोठीमागे निघालं. त्यानेच लपवलं होतं. "पुस्तक नाही आवडत का रे?" म्हटलं, तर म्हणाला, "पुस्तक आवडतं. नंतरचं नाही आवडत." त्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं की मिटलं, पुढे एक शब्द नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, की कळलं हे समजणार कसं. समजतं, पण त्याच्या वेळेने. तीनेक आठवड्यांनी कमाटीबागेत पळताना नातू सपशेल पालथा पडला. गुडघा फुटला, ओठाला माती. मी धावत गेले तर उठून म्हणतो, "आजी, मी तोंडघशी पडलो!" हा शब्द त्याला गोष्टीत भेटला होता, तोही लबाड सावकाराची फजिती होते तिथे. मी अर्थ सांगितला नव्हता. त्याने तो आपल्या तोंडावर आणि मातीवर तपासून घेतला. दहा प्रश्नांच्या वहीत हे कुठे लिहिणार होतो? तुम्हाला नोंद ठेवायचीच असेल तर अशी ठेवा, की कुठल्या दिवशी कुणाच्या तोंडून कुठला शब्द आला. ती तुमच्याजवळ असू द्या, मुलांना दाखवू नका. वाचनातून मुलांनी आपणहून काही विचारलं तर मात्र जरूर थांबा, हवं तितका वेळ थांबा. काकूही थांबायच्या.

मोठीचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. तिला वाचता येतं. तिच्या डोळ्यांपेक्षा तिचा कान मात्र अजून पुढे आहे. वाचनाचा अभ्यास करणारे सांगतात की साधारण तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत मूल स्वतः वाचून जेवढं समजतं त्याहून अवघड मजकूर ऐकून समजू शकतं. अमेरिकेत १९८५ साली वाचनावरच्या एका आयोगाचा अहवाल निघाला. त्यात मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम मानलं आहे, आणि मूल वाचायला शिकलं म्हणून ते थांबवू नये, पुढच्या इयत्तांतही चालू ठेवावं, असंही सांगितलं आहे. तुमच्या मुलीचं वाचन इंग्रजीतून होतं. तेव्हा मराठीत तिचे डोळे आणि कान यांतलं अंतर आणखी मोठं असणार. म्हणून धाकट्याच्या मापाचं पुस्तक तिच्यापुढे ठेवू नका. तिने एकटीने हातात घेतलं नसतं, पहिल्या चार पानांत सोडून दिलं असतं, असं जाड पुस्तक काढा. धाकट्याला त्यातलं निम्मं कळेल. त्याला निम्मं पुरतं.

आणि बडोद्यातल्या आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-नाशिकच्या आईला कदाचित इतकी जाणवत नाही. मराठीतला च, ज आणि झ दोन तऱ्हांनी उच्चारतात आणि लिहिताना तो फरक दिसत नाही. चहाचा च वेगळा, चुलीचा वेगळा. झेंड्यातला झ आणि झाडातला झ एक नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, कागदावर दोन्ही सारखे. गुजरातीत वाढलेली जीभ सगळीकडे एकच च लावते. हा फरक कुठल्याही पुस्तकात बघून शिकता येत नाही, रोज कानावर पडावा लागतो. आमच्या नातीने वर्षभर 'चूल' चहासारखी म्हटली, मी एकदाही दुरुस्त केली नाही, वाचत राहिले. आता ती बरोबर म्हणते आणि आपण आधी वेगळं म्हणत होतो हे तिला आठवतसुद्धा नाही. 'मला नाही आवडतं' हेही असंच हळूहळू 'मला आवडत नाही'वर येतं. टोकून टोकून येत नाही, निदान माझ्या बघण्यात तरी नाही.

मोठीला हवं असेल तर एखाद्या पात्राचे संवाद तिच्याकडे द्या. दुपारी एकदा नजरेखालून घालू द्या, म्हणजे रात्री अडखळणार नाही. नको म्हणाली तर आग्रह नको.

धाकट्याला बसवू नका. ऐकण्यासाठी हात मोकळे असण्याची गरज नाही, उलट हातांना काम असलं की कान निवांत होतात. आजीच्या वाती मला म्हणूनच आठवतात. थंडीत उंधियूसाठी पापडी आणि हिरवी तूर सोलायची असते, ती वाचनाच्या वेळी त्याच्यापुढे ठेवा. एरवी कागद-खडू, मातीचा गोळा, काहीही. सोफ्याच्या पाठीवरून ऐकत असेल तर तेही ऐकणंच आहे. फक्त वीस मिनिटांच्या वर जाऊ नका आणि मुलं "अजून एक पान" म्हणत असताना थांबा. कंटाळा येईपर्यंत वाचलं तर दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

तुमच्या यजमानांना झोपू द्या. रात्रपाळी करून आलेला माणूस मुलांच्या घोळक्यात, तुमच्या आवाजात झोपतो, ह्यात मला काही वाईट दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी क्रिकेटची बातमी त्यांनी वाचून दाखवली तरी पुष्कळ.

सासूबाईंचं मात्र नीट ऐकून घ्या. त्या बोलल्या त्यात बडोद्याचा अभिमान आहे आणि तो खरा आहे. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडच्या काही गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेलं. पण ते तिथे थांबले नाहीत, एवढं त्यांच्याशी बोला. शाळेत शिकलेलं अक्षर शाळा सुटल्यावर विसरलं जातं, ही काळजी त्यांना होती. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव वाचनालयं निघाली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत होत्या. शाळा आणि पुस्तक, महाराजांनी दोन्ही हातांनी दिलं. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात सासूबाईंनाच घेऊन जा, मराठी विभागातून पुढचं पुस्तक त्यांनाच निवडू द्या. आणि एक दिवस वाचायलाही त्यांनाच बसवा. ओवीचा ठेका त्यांच्या कानात असेल, तो तुम्हाआम्हाला मुद्दाम आणता येत नाही. त्या तीन लांब चरण म्हणून चौथ्या आखूड चरणावर आवाज खाली ठेवतील, तेव्हा तुमचा धाकटा सोफ्यावरून खाली उतरेल की नाही ते मला लिहून कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पुस्तकं संपली तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आम्ही एकेक गोष्ट मोठ्या अक्षरांत छापून घेतो, म्हणजे वाचताना मोबाईल हातात लागत नाही.

*

मावशी, आमची मुलगी घरी शिकते. बायको तासन् तास मोठ्याने वाचत बसते. मला काळजी एवढीच, की दहावीचं काय?

— एक वडील, निझामपुरा

शाळेत न जाता दहावी देता येते, अशी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. तिच्या दहावीच्या परीक्षेला किमान वय चौदा पूर्ण लागतं. मराठी आणि गुजराती हे दोन्ही विषय घेता येतात. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पेही तिथे आहेत, हवे असतील तर. तिच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आतापासून चाळून ठेवा. तुम्हाला काळजी आहे तर गणित तुम्ही हातात घ्या, आणि वाचन चाललेलं असताना घड्याळाकडे बघू नका. मुलीला ते दिसतं.

*

सौ. मावशींस, रावपुऱ्याहून नमस्कार.

वय ७८. माझ्या मुलाला लहानपणी मी रोज वाचून दाखवत असे. आता नातू नऊ वर्षांचा आहे, पुण्यात असतो, घरीच शिकतो. मलाही त्याला वाचून दाखवायचं होतं. पण डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने मला अक्षर दिसत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, "जेवलास का, काय जेवलास" ह्यात दोन मिनिटांत बोलणं संपतं. मी त्याला आता काय देऊ शकतो?

— एक आजोबा

नमस्कार. तुम्ही त्याला ऐकणारा द्या. घरी शिकणाऱ्या मुलाला वाचून दाखवणारी माणसं मिळतात, पण ज्याला त्याच्या वाचनाची खरोखर गरज आहे असा माणूस क्वचित मिळतो. आई ऐकते तेव्हा त्याला ठाऊक असतं की आईला हे आधीच माहीत आहे, ती माझ्यासाठी ऐकते आहे. तुमचं तसं नाही. त्याने वाचलं नाही तर तुम्हाला ते पान कळणारच नाही. त्याला हे सरळ सांगा, "मला दिसत नाही बाळा, तू वाचशील का?" लाजू नका.

सुरुवातीला तो भराभर वाचेल, जोडाक्षर चुकेल, स्वल्पविराम गिळेल. मध्ये बोलू नका. नाहीच कळलं तर "परत एकदा वाच रे, राहून गेलं" म्हणा. तो दुसऱ्यांदा आपोआप सावकाश वाचतो. माझे यजमान शेवटची दोन वर्षं असेच अंथरुणावरून नातीचं वाचन ऐकायचे. ती सहा वर्षांची होती, बोट ठेवून वाचायची, एका पानाला पाव तास लागायचा. त्यांनी कधी घाई केली नाही. तिचं आजचं वाचन त्या अंथरुणाशी तयार झालं आहे. माझ्या शिकवण्याने झालेलं नाही.

आणि मुलाला लहानपणी जे वाचून दाखवत होतात, त्यातलं जे पाठ असेल ते तुम्ही त्याला म्हणून दाखवा. पाठ म्हणायला डोळे लागत नाहीत. एक पान त्याचं, मग एक आठवण तुमची, असं चालू द्या. पहिलं पुस्तक कुठलं ते मात्र तुम्ही ठरवू नका. रविवारी सकाळी दहाला फोन करायचा की दुपारी चारला, तेही त्यालाच विचारा.