मुंबई ते न्यूयॉर्क बिझनेस क्लास : कतार की एमिरेट्स?

कंपनीचं नाव नंतर, आधी विमान बघा. मुंबईहून दोहा (कतारसाठी) किंवा दुबई (एमिरेट्ससाठी), जिथे पुढचं विमान पकडायचं, तीन-चार तासांवर आहे. पैसे खरे वसूल होतात ते तिथून न्यूयॉर्कपर्यंतच्या चौदा तासांत. म्हणून त्या टप्प्याला कोणतं विमान आहे ते बुकिंगच्या पानावर तपासा.

कतारचं क्यूस्वीट, म्हणजे दार असलेली बिझनेसची बंदिस्त सीट, मिळत असेल तर बिनधास्त घ्या. दार लावून झोपता येतं, आणि जोडप्याला मधल्या दोन सीट जोडून घेता येतात. एक लक्षात ठेवा, त्यात एकाआड एक सीट उलट्या दिशेने असतात. ए आणि के अक्षराच्या सीट खिडकीला अगदी लागून, पण तोंड मागे. मळमळ होत असेल तर बी किंवा जे घ्या.

एमिरेट्सचं एअरबस ए३८० विमानसुद्धा छान, प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं. त्यांच्या जुन्या बोईंग ७७७ ला मात्र मी बिझनेसचे पैसे देणार नाही. रांगेत २-३-२ सीट, म्हणजे रात्री उठायचं तर खिडकीवाल्याने शेजाऱ्याला ओलांडायचं. आई-वडील सोबत असतील तर हे फार जाचतं.

आयत्या वेळी विमान बदलू शकतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात सीट मॅप पुन्हा उघडून बघाच.