न्यू जर्सीत घर घेताय? इन्स्पेक्शनच्या दिवशी स्वतः हजर राहा

तुम्ही विचारलंत की जुलैमध्ये न्यू जर्सीला येतोय, मुलगा तिसरीत जाईल, भाडी परवडत नाहीत म्हणून वर्षभरात घर घ्यायचा विचार आहे. होम इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे घर घेण्याआधीच्या तपासणीत, नेमकं काय बघतात, आणि ओळखीचे रिअल्टर, म्हणजे घरांचे एजंट, म्हणतात तसं ते सोडून दिलं तर चालेल का? तिथे एकटेपणा वाटतो का, हेही. प्रश्न दोन ओळींचा आहे. मी मात्र रात्रीचे साडेबारा वाजले तरी लिहीत बसले आहे. व्हिसा, क्रेडिट स्कोअर, डाउन पेमेंट हे सगळं सरकारी आणि बँकांच्या साइटवर सापडेल, त्यात मी शिरत नाही.

सोडू नका. समोरून कितीही घाई असली तरी.

आपल्याकडे घर घेताना आपण कागद तपासतो. सातबारा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र. इथे कागदांचं काम वकील आणि टायटल कंपनी करते, आणि त्यामुळे आपण निर्धास्त होतो. पण छत किती वर्षं टिकेल, पाया कुठे खचलाय, हे त्यातलं कोणीच बघत नाही. रिअल्टर कितीही चांगला असला तरी त्याचे पैसे व्यवहार झाला तरच मिळतात. इन्स्पेक्टरला तुम्ही घर घेतलंत काय, न घेतलंत काय, फी तेवढीच. या सगळ्या धावपळीत असा माणूस तो एकटाच.

करारावर सह्या झाल्या की वकिलांना तो तपासायला कामाचे तीन दिवस मिळतात. ते संपले की इन्स्पेक्शनची मुदत सुरू होते, बहुतेक करारांत साधारण दोन आठवडे. इन्स्पेक्टर येतो आणि तीनेक तास घरभर फिरतो. शिडी लावून छत बघतो, ॲटिकमध्ये, छताखालच्या माळ्यावर, शिरतो, विजेच्या पॅनेलचं झाकण उघडतो, सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर बघतो, प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घालतो. फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) आणि वॉटर हीटरवरच्या पट्टीवरून त्यांचं वय काढतो. भिंत फोडत नाही, कार्पेट उचलत नाही, सामान हलवत नाही. घर घ्या किंवा घेऊ नका असंही सांगत नाही. ‘पास-नापास’ असा निकाल मागू नका, तो नसतोच. साठ-सत्तर पानांचा रिपोर्ट येतो आणि पहिल्यांदा वाचताना घर उद्याच कोसळेल असं वाटतं. सैल कठड्यापासून तुटक्या जाळीपर्यंत सगळं त्यात असतं. पैसे कुठे जाणार ते बघा: छत, पाया, पाणी, वीज, फर्नेस. बाकीचं रविवारी घरी बसून दुरुस्त होतं.

वाळवी, रेडॉन, सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालणं, आणि जमिनीखालची तेलाची टाकी, हे सगळं वेगळं. पैसेही वेगळे. रेडॉन हे नाव मी इथे येईपर्यंत शाळेच्या पुस्तकाबाहेर ऐकलं नव्हतं. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, त्याला ना रंग ना वास, आणि तो बेसमेंटमध्ये साठतो. १९८४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज केंद्रातला इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रस कामावर आत शिरतानाच किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायला लागला. केंद्रात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. किरणोत्सर्ग त्याच्या अंगावर त्याच्या घरातल्या रेडॉनमधून येत होता. खडकांचा तोच पट्टा उत्तर न्यू जर्सीतून जातो. दारं-खिडक्या बंद ठेवून निदान ४८ तास चाचणी करतात, आणि लिटरला ४ पिकोक्युरी (हे किरणोत्सर्गाचं माप) किंवा जास्त आलं तर पाइप आणि पंखा बसवून वायू छताबाहेर सोडतात. यासाठी घराचा नाद सोडायची गरज नाही, पण चाचणी कराच. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, लहान मूल असताना तेही तपासून घ्या.

आता टाकीचं.

आमचं घर १९६२ चं, मिडलसेक्स काउंटीतलं. इथल्या जुन्या घरांत पूर्वी तेलावर हीटिंग चालायचं आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी तशीच राहिली. आम्ही २०१६ मध्ये घेतलं, फक्त शाळेसाठी. सप्टेंबरच्या आत त्या टाउनशिपचा, म्हणजे त्या गावाच्या हद्दीतला, पत्ता हातात हवा होता. इन्स्पेक्शन ज्या सकाळी होतं, त्याच सकाळी मी शाळेच्या ऑफिसात लसींचे कागद घेऊन तिसऱ्यांदा रांगेत होते. पुण्याच्या डॉक्टरांनी तारखा दिवस-महिना अशा लिहिलेल्या, इथे महिना-दिवस वाचतात, त्यामुळे दोन डोस जन्माच्या आधी घेतलेले दिसत होते. त्या दिवशी आणखी एक फॉर्म भरला. घरात कोणती भाषा बोलता? मी प्रामाणिकपणे मराठी लिहिलं. तेवढ्यावरून इंग्रजी माध्यमात चौथी पूर्ण केलेल्या माझ्या मुलीची परीक्षा घेतली, ती नव्या जागेत घाबरून गप्प बसली, आणि सहा महिने तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं. वयाच्या नियमाने पुन्हा चौथीत घातलं ते वेगळंच. ती आता कॉलेजात आहे, विसरली आहे. मी विसरलेले नाही. तुम्ही फॉर्मवर खरं तेच लिहा, पण परीक्षेच्या आधी मुलाशी बोला आणि निकाल पटला नाही तर लेखी हरकत घ्या. मला हरकत घेता येते हेच ठाऊक नव्हतं.

तर इन्स्पेक्शनला मी नव्हते. नवरा ऑफिसात. रिअल्टर एकटाच उभा होता. रिपोर्ट आला तेव्हा मी पुढची दोन पानांची सारांशाची यादी वाचली आणि सही केली. पान ३१ वर फोटो होता: बेसमेंटच्या पुढच्या भिंतीपाशी जमिनीतून वर आलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या, टोकं चिमटून बंद केलेली. खाली एक ओळ, तेलाची टाकी असण्याची शक्यता, शोध घ्यावा. टाकी शोधायचे तेव्हा २५० डॉलर होते.

२०१९ मध्ये फर्नेस बदलताना मेकॅनिकने त्या नळ्या दाखवल्या. ५५० गॅलनची टाकी निघाली, तळाला करंगळी जाईल एवढी भोकं. टाउनशिपचा माणूस वाकून बघत होता, मातीला रॉकेलसारखा वास. टाकी गळकी निघाली की राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावंच लागतं, आणि ‘नो फर्दर ॲक्शन’चं, म्हणजे आता आणखी काही करायला नको असं, पत्र येईपर्यंत घर विकणं अवघड. माती काढून नवी भरेपर्यंत आमचे ३१ हजार डॉलर गेले. इन्शुरन्सने हात वर केले.

एकटेपणाचंही विचारलंत. होतो, सवय होते, गणपतीला मंडळ असतं. त्यावर फार विचार करू नका.

पण हे सांगते. माझे वडील साताऱ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. घर घेण्याआधी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. ते थांब म्हणाले, मागे जा, त्या झुडपामागे भिंतीच्या रंगाचीच एक नळी वर आली आहे, ती कसली? मी म्हटलं, गॅसची असेल बाबा. ती टाकीचीच हवा जायची नळी होती. टाकी निघाली त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिकिटांचे पैसे मातीत गेले होते, अक्षरशः. मी रजा मिळत नाही असं सांगितलं. त्यांनी नळीचं पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

म्हणून टाकीचा शोध आधी, ऑफर स्वीकारली गेली की लगेच. टाउनशिपच्या क्लार्ककडे ओप्राखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज करून त्या पत्त्याची सगळी परमिटं मागवा, टाकीची धरून. सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इतर ग्राहक इन्स्पेक्शन सोडताहेत म्हणून रिअल्टर मागे लागला, तर वकिलाकडून लिहून घ्या: किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही, पण पाया, छत, वाळवी, टाकी, रेडॉन यांत मोठं काही निघालं तर बाहेर पडण्याचा हक्क ठेवतो. विक्रेत्याने दुरुस्त करून द्यायच्या कबुलीपेक्षा पैसे कमी करून घेणं बरं; निघून जाणारा माणूस स्वस्तातलं काम करतो. आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी रजा काढा, इन्स्पेक्टरच्या मागेमागे फिरा. तो रिपोर्टात ‘लक्ष ठेवावे’ लिहितो आणि तोंडाने ‘हे माझं घर असतं तर मी उद्याच बदललं असतं’ म्हणतो. ते ऐकायला तुम्ही तिथे हवेत.

रिपोर्ट आला की मला पाठवा. बेसमेंटचे फोटो मोठे करून पाठवा. मी सगळी पानं वाचेन.